मामाचा ओटा आणि मामीची उंची

आमचा मामा कुणाच्याही घरी गेला की चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरायचा आणि बोटाच्या पेरानं ओट्यावर टकटक करायचा. आवाज ऐकून झाला की कडेखाली हात घालून दगडाची जाडी चाचपायचा आणि मगच बाहेर येऊन पाणी मागायचा. घरातल्या बायका आधी दचकायच्या, पुढे त्यांना सवय व्हायची. वाळूजच्या एका कारखान्यात त्याची सगळी नोकरी क्वालिटी खात्यात गेली होती. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोट काढायची, असं ते काम. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालू राहिलं.

ओटाच का, हे त्यानं मला एकदा समजावलं होतं. "सोफा, टीव्ही हे पाव्हण्यांसाठी असतंय. ओट्यावर मात्र माणूस रोज आदळआपट करतं. घर कसं हाय ते तिथंच कळतं." त्याचा खरा राग होता डबल पट्टीवर. ग्रॅनाइट पातळ आणायचा आणि पुढच्या कडेला खालून त्याच दगडाची पट्टी चिकटवायची, म्हणजे समोरून ओटा चांगला जाडजूड दिसतो. निम्म्या शहरात असेच ओटे आहेत आणि त्यांच्यावर सुखानं स्वयंपाक होतो. पण मामाला ही उघड फसवणूक वाटायची.

माझ्यासाठी सिडकोतल्या एका मुलाचं घर बघायला गेलो होतो, तेव्हा पोहे यायच्या आतच मामा बैठकीतून गायब झाला. परतला तो तोंड पाडून. जिना उतरताना बाबांना म्हणाला, "दाजी, नको. पट्टी डबल हाय, दगड सिंगल." बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत, पण स्थळ मोडलं ते मोडलंच. पुढे ज्या घरात मला दिलं, तिथला ओटा मामानं स्वतः पास केला. तो आजही शाबूत आहे. सासूबाईंना मात्र त्यानं वाजवून बघितलं नव्हतं.

या सगळ्यात मामी कुठे होती? मामी पाटावर होती. ती इतकी ठेंगणी, की भाड्याच्या प्रत्येक घरात ओट्यापुढे पाट ठेवून, त्यावर उभी राहून पोळ्या लाटायची. एकदा पाट सटकून पडली आणि तेव्हापासून तिचा गुडघा कुरकुरायला लागला. मामा सडपातळ आणि ताडमाड, त्याला ओटा कधी उंच वाटलाच नाही. चितेगावच्या अलीकडे त्यांनी स्वतःचं रो-हाउस घेतलं, तेव्हा मामीनं एवढंच मागितलं, "मला जमिनीवर उभं राहून पोळ्या लाटायच्यात. बाकी तुम्हाला काय तपासायचं ते तपासा."

मामानं ते अगदी मनावर घेतलं. मामीला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला आणि कोपराच्या जरा खाली भिंतीवर पेन्सिलीनं ओट्याच्या उंचीची रेघ मारली. मिस्त्रीनं त्या मापानं कडप्प्याचे उभे आधार रोवले. मग मामी बहिणीच्या मुलीच्या लग्नाला पैठणला गेली आणि मामाला मोकळं रान मिळालं. आधार लांब लांब वाटले, म्हणून त्यानं मध्ये आणखी घातले. मिस्त्री म्हणाला, "साहब, पट्टी चिपका देते, जाडा दिखेगा." मामा म्हणाला, "दिखने का नको, होने का बोलो." आणि सगळ्यांत जाड ग्रॅनाइट आणवला. तोही नुसता आधारांवर कशाला टेकवायचा, म्हणून खाली आख्खा कडप्पा आणि दोहोंच्या मध्ये सिमेंटचा जाड थर. मामीच्या बांगड्या आपटू नयेत म्हणून कड गोल घासून घेतली. सांडलेलं पाणी कडेवरून आत झिरपू नये म्हणून तिला खालून बारीक खाच पाडली. प्रत्येक गोष्ट त्यानं तपासली आणि प्रत्येक गोष्ट बिनचूक होती.

मामी परत आली त्या दिवशी मी तिथंच होते. ती हौसेनं ओट्यापुढे उभी राहिली, पोळपाट ठेवला, लाटणं हातात घेतलं आणि तिचे खांदे कानांपर्यंत गेले. आधार रेघेपर्यंत एकच दगड बसेल या हिशेबानं रोवलेले होते आणि त्यांच्यावर हे थरावर थर चढले होते. ओटा रेघेच्या चांगला चार बोटं वर आला होता. मामी आत गेली आणि पाट घेऊन आली.

मामाचा चेहरा मला बघवेना. आयुष्यभर लोकांच्या चुका पकडलेला माणूस आपल्या चुकीपुढे उभा होता, आणि ती चूक इतकी भक्कम होती की फोडायचीही सोय नव्हती. बराच वेळ तो ओट्याच्या कडेवरून हात फिरवत राहिला. मग मामीच्या हातातलं लाटणं काढून घेत म्हणाला, "ओटा बरोबर हाय. माणूस चुकीचा उभा व्हता. सर बाजूला."

त्या दिवसापासून त्या घरात पोळ्या मामानं लाटल्या. पहिल्या काही दिवसांतल्या पोळ्यांबद्दल न बोललेलं बरं. मामी खुर्चीवर बसून कणीक मळून द्यायची आणि वर तोंड करून खोट काढायची. "कडा जाड राह्यल्या. मधे पातळ झाली. ही रिजेक्ट." मामा मुकाट्यानं गोळा मोडून पुन्हा लाटायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "ओटा माझ्या मापाचा झालाय, मग लाटणार कोण?" मामीला इतकं खुशीत मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पुढे तर मामाची पोळी आमच्या आईच्या पोळीपेक्षा चांगली फुगायला लागली, आणि हे आईलासुद्धा मान्य होतं.

मागच्या उन्हाळ्यात मामा अचानक गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. प्रशांत, त्यांचा मुलगा, पुण्याहून आला तो महिनाभर राहिला. आई पुन्हा पाटावर चढून पडेल, या धास्तीनं त्यानं तो ओटा काढायला लावला. फोडायला आलेली माणसं घामाघूम झाली, एकानं तर हा कोणी बांधला म्हणून शिव्याही दिल्या. मामी बाहेरच्या खोलीत डोळे पुसत ऐकत होती. मला वाटतं, त्या शिव्या तिला गोड लागल्या असाव्यात.

नवा ओटा झाला तेव्हा प्रशांतनं तिला हाताला धरून आणलं. मी शेजारीच होते. पातळ ग्रॅनाइट, पुढे डबल पट्टी, सगळं सगळीकडे असतं तसं. मामी अनवाणी उभी राहिली. पोळपाट ठेवला, गोळा घेतला, एक पोळी लाटली. खांदे जागेवर, हात सरळ, पाय जमिनीवर.

"उंची जमली का गं आई?" प्रशांतनं विचारलं.

"व्हय रे, अगदी बरोबर हाय," मामी म्हणाली. लाटणं तिनं हळूच बाजूला ठेवलं. "आता मलाच लाटाव्या लागतील."