अण्णांच्या गाडीत करंट कोण खातंय?

आमच्या मच्छे गावातल्या गॅरेजात पाने हरवतात, किस्से हरवत नाहीत. एकट्या अण्णांच्या गाडीनंच इतके दिलेत की एक सांगायला घेतला की बाकीचे मागून ढकलायला लागतात!

अण्णा शहापूरचे. सगळा जन्म मागावर साड्या विणण्यात गेला. मग जुनी मिनीबस घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, पंखा, कपाट बसवलं. बायकोला, म्हणजे आमच्या आक्कांना, गोकर्णाचा समुद्र दाखवायचा होता. अडचणी दोन. गाडी रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरायची. आणि महिनाअखेर अण्णांचं लायसन्स संपत होतं. डोळे असे की परत मिळणार नव्हतं. ड्रायव्हर घ्या म्हटलं तर म्हणायचे, "बायको माझी, मीच नेणार!"

आमचे मालक आप्पा म्हणाले, "रात्री बॅटरीची वायर काढून ठेवायची, सकाळी लावायची. जाऊन या निवांत."

मी नवा इंजिनिअर. "आप्पा, हा जुगाड झाला! मूळ शोधायला पाहिजे. दोन दिवस द्या."

"शिकलेलं पोरगं हाय, बघू दे की," अण्णा म्हणाले.

*

दोनाचे चार दिवस झाले. बंद गाडीत करंट वाहतोय, हे मीटर सांगत होता. एकेक फ्यूज काढायचा. ज्यानं आकडा पडेल, तिथं चोर. एक काढला आणि आकडा धाडकन खाली!

"आप्पा, घावला!"

आप्पा आले. माझ्याकडं बघितलं, मग वर बघितलं. मीटर वाचायला मी गाडीचं दार उघडं ठेवलं होतं. म्हणजे इतका वेळ मी दार उघडलं की लागणारा छताचा दिवाच मोजत होतो!

"चोर तूच की रं!"

*

मग संशय कपाटावर. दार मिटल्यावर आतला दिवा विझतो का, हे बाहेरून कळणार कसं? मी आत शिरलो. आक्कांनी दार लावलं. दिवा विझला. आणि कडी अडकली!

"विझला का रं?"

"विझला, आक्का! दार उघडा!"

"निघंना बघ. थांब, अण्णा आले की उघडतील. संकेश्वरला गेल्यात, सांजंला येतील!"

*

पलंगाखाली वायरींचा गुंता होता. पलंग-कपाट बसवणाऱ्या सुतारानं एकेकीला चिठ्ठी बांधलेली. एकीवर मराठी अक्षरांत लिहिलं होतं, "बेड". म्हणजे पलंगाचा दिवा! आक्कांचा दिवा कशाला तोडू? तेवढी सोडून मी सगळ्या वायरी तपासल्या. दोन आठवडे.

शेवटी सुतारालाच बोलावलं. चिठ्ठी बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"बेड अंद्रे बेड री! नको! जुन्या अलार्मची वायर, काढून टाका म्हणून लिवलंय!"

कन्नडात बेड म्हणजे नको. बाजारात भाजीवालीला दिवसातून दहादा मीच म्हणतो! तोडली, आणि मीटर शून्यावर.

आप्पा म्हणाले, "घरात मराठी, चिठ्ठी कन्नड, आणि तू वाचलीस इंग्रजीत! वा रं इंजिनिअर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. लायसन्स संपून चार दिवस झाले होते.

*

परवा दुपारी शहापुरात गेलतो. गाडी अण्णांच्या दारात, बोळात उभी. इंजिन बंद, आत पंखा गरगरतोय, आणि आक्का पलंगावर शेंगा फोडत बसलेल्या.

मी दारातूनच ओरडलो, "आक्का, पंखा बंद करा! बॅटरी उतरंल!"

आक्कांनी टरफलं गोळा केली, मला बसायला जागा करून दिली.

"उतरू दे रं बाळा. आता कुटं जायचंय?"