पिकपवरची मासोळी

माझ्या पिकपचा कुठलाही भाग उचला. सायलेन्सर घ्या, स्टेपनी घ्या, बॅटरी घ्या, मागच्या फाळक्याची बिजागरी घ्या. त्यावर हरभऱ्याएवढी एक मासोळी ठोकलेली दिसेल. भोवती पिवळ्या रंगाचं वर्तुळ, लांबूनसुद्धा नजरेत भरावं म्हणून. आणि दुसरी एक मासोळी असते, ती दिसत नाही. ती कुठं असते ते मी सांगणार नाही. सांगायला मी काय खुळी आहे?

मी कसबा बावड्यात राहते आणि पिकप चालवते. उसाची रोपं नर्सरीतून उचलायची आणि शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन उतरवायची, हा माझा धंदा. हौद्यात लोखंडी रॅक, रॅकवर रोपांचे ट्रे. रोपांना उशीर चालत नाही. शेतात सरी सोडून बायका लावणीला थांबलेल्या असतात आणि गाडी आली नाही तर शेतकरी फोनवर जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नसतं. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जातो. गाडी माझी, स्टेअरिंग माझं, आणि शिव्या खायची वेळ आलीच तर त्याही माझ्याच.

घरात एक माणूस मात्र माझ्या गाडीत कधी बसला नव्हता. माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी जन्मभर ट्रक चालवला. लांबलांबचे घाट त्यांना तोंडपाठ. मला गाडी शिकवली ती नवऱ्यानं. मामा तेव्हा कट्ट्यावर बसून फक्त मान हलवायचे, तीही आडवी. कुठं जायचं असलं की एस.टी.नं जायचे. मी म्हणायची, "मामा, मी त्याच वाटेनं चाललीय की." ते म्हणायचे, "तुज्या गाडीत रोपं बसूं देत. मी हाय तितं बरा हाय."

बावड्यात नवी घरं उठली, गल्ल्या अरुंद झाल्या. त्यामुळं आम्ही सगळे पिकपवाले एका मोकळ्या मैदानात गाड्या लावतो. तिथंच चोऱ्या सुरू झाल्या. आधी कुणाची बॅटरी गेली, मग कुणाचा जॅक. मग माझी स्टेपनी गेली. आणि एका सकाळी मी चावी फिरवली तर गाडीनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. खाली वाकून बघते तर सायलेन्सर जागेवर नाही. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी असते, त्यात मोलाचा धातू असतो म्हणे. चोरांना तेवढंच हवं असतं. तसल्या आवाजात मी सबंध बावड्यातून गॅरेजपर्यंत गेले. लोक दारात येऊन बघत होते. लाज मला वाटायला नको होती, पण वाटली.

संध्याकाळी मामा जेवायला बसले आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बाईमाणसाची गाडी हाय हे चोरालाबी म्हाईत झालंय. बाप्याची असती तर हात लावला नसता. आता एक नट जरी गेला ना, गाडी इकायची. माजा शबूद हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी झाली माझी आणि खोट काढायची ती माझ्यातच? पण गाडीचे कागद मामांच्या नावावर होते आणि नवऱ्यानं ताटातून मान वर केली नाही. म्हणजे पुढची चोरी ही माझ्या गाडीची शेवटची, हे त्या रात्री ठरलं. मी भांडी अशी घासली की शेजारीण विचारायला आली.

मैदानात ज्याला जे सुचेल ते चाललं होतं. कुणी साखळ्या बांधल्या. कुणी बोल्ट वेल्डिंग करून टाकले, मग दुरुस्तीच्या वेळी गॅसकटर लावायची पाळी आली. एकानं कॅमेरा बसवला. त्यात त्याची स्वतःची गाडी सोडून बाकी सगळं दिसायचं. मी साखळी बांधली नाही. मी सरळ उठले आणि माहेरी हुपरीला गेले.

आमचं माहेर चांदीचं. म्हणजे चांदीच्या कामाचं. घरात चांदी लोकांची, हात आमचे. बाहेरच्या खोलीत आप्पा, म्हणजे माझे वडील, पैंजणं बांधतात, आतल्या खोलीत आई कड्या जोडते. मी गेले तेव्हा आप्पांच्या तोंडात फुंकणी होती. डाग लावून कडीचा सांधा जुळेपर्यंत ते बोलत नाहीत. मी तोवर सगळं गाऱ्हाणं गाऊन घेतलं, मामांच्या शब्दासकट.

फुंकणी बाजूला ठेवून आप्पांनी एकच विचारलं, "तुजी स्टेपनी चोरानं नेऊन काय घरात टांगलीय व्हय?"

"इकली असंल की."

"म्हंजे घेणारा हाय म्हणून चोर हाय. मग तू चोराच्या मागं कशाला पळतीस? घेणाऱ्याला भ्या दाव." आणि त्यांनी समोरचं एक पैंजण उलटं करून माझ्या हातात दिलं. कडीच्या आतल्या अंगाला आमच्या घराची मासोळी होती, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही अशी.

मी त्या मासोळीबरोबरच वाढले आणि मला ती आठवू नये! आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांची पैंजणं एकाच पॉलिशवाल्याकडं जातात. नक्षी सारखी, वजन सारखं, एकाच पाण्यात बुचकळून निघतात. तरी कुणाचा जोड कधी दुसऱ्याच्या घरी गेलेला नाही. प्रत्येक घराचा आपला ठसा. कुणाचं बेलपान, कुणाचा नांगर, आमची मासोळी.

मग मी काय केलं, तर आप्पांचा ठसा उचलला, गाडी दारात होतीच, आणि जॅकवर ठेवून हातोडा हाणला. हुपरीच्या पोरीशिवाय असला शहाणपणा कुणी करणार नाही. मासोळीचं तोंड चपटं झालं आणि शेपूट उडून गटारीत पडलं.

"अगं खुळे!" आप्पा धावत बाहेर आले. "चांदीचा ठसा लोखंडाला लावतंय व्हय कोण?" रागावले, आणि मग इतकं हसले की त्यांना ठसका लागला. आई आतून म्हणाली, "तुमचीच हाय ती. कुणावर गेलीय?"

आप्पांनी मोडक्या कानशीचा तुकडा घेतला, त्यावर मासोळी कोरली, भट्टीत लालबुंद करून त्याला पाणी पाजलं. असा टणक ठसा झाला की दगडावर उठेल. तो देताना म्हणाले, "एक दिसंल अशी मार, एक दडव. दिसणारी चोराला, दडलेली तुला."

मला दोन्ही दिसायला हव्या होत्या. माझा स्वभावच तसा, काही केलं की चार लोकांनी बघावं. पण आप्पांपुढं बोलले नाही.

परत आल्यावर गॅरेजमध्ये बसून मी प्रत्येक भागावर मासोळी ठोकली. नव्या स्टेपनीचा टायर चढवायच्या आधी रिमच्या आतल्या अंगालाही एक ठोकली. मिस्त्री म्हणाला, "ताई, आत कोण बघायला जातंय?" मी म्हटलं, "कुणी जाऊ नये म्हणूनच." मग पत्र्याच्या तुकड्यांवर मासोळ्या उठवल्या आणि एकेका भंगारवाल्याच्या दुकानात शिरले. पहिलाच उखडला.

"आमी काय चोरबाजार मांडलाय व्हय, ताई?"

"न्हाय मांडला न्हवं? मग ह्यो पत्रा टांगायला तुमचं काय जातंय? ही मासोळी ज्याच्यावर असंल त्यो माल माजा. घेतला तर मी दारात येणार, आनि येताना गप येणार न्हाय."

त्यानं पत्रा टांगला. त्याचा टांगलेला बघून पुढच्यांनीही टांगले. मैदानात माझं नाव 'मासोळीवाली' पडलं. "वैनी, सोन्याची हाय काय गाडी?" असं रोज कुणीतरी विचारायचं. मी म्हणायची, "तुमची बॅटरी गेली की मग सांगते."

थंडीच्या दिवसांत गडहिंग्लजकडं रोपांची खेप होती. त्याच दिवशी मामांना तिथल्या बाजारातल्या संकेश्वरी मिरच्या हव्या होत्या. वर्षाच्या चटणीची मिरची ते दुसऱ्या कुणाला आणू देत नाहीत, आणि सकाळची एस.टी. त्यांची चुकली होती. शेवटी टोपी सारखी करत ते माझ्या शेजारी येऊन बसले. सबंध वाटेत प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

रोपं बांधावर उतरवली आणि आम्ही बाजारात गेलो. मामांनी मिरची हुंगली, मोडली, दर पाडला, पुन्हा हुंगली. पोतं खांद्यावर घेऊन गाडीपाशी येतो तर मागं स्टेपनीचा हुक नुसताच लोंबत होता. भर बाजारात, दिवसाढवळ्या!

मामांनी पोतं खाली ठेवलं. "झालं," म्हणाले. "आता बोलू नगंस. घरी गेलं की गिऱ्हाईक बघायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. म्हटलं, "मामा, इथंच बसा." ते बसले नाहीत, मागून आले. इथल्या दुकानांत मी पत्रे टांगलेले नव्हते; मासोळी कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. दोन दुकानं बघितली. बाजाराच्या टोकाला जुन्या टायरचं एक दुकान होतं. तिथं दारातच, वर ठेवलेली, शेताचा ओला लाल चिखल लागलेली माझी स्टेपनी. रिमवर एक जागा घासून चकाकत होती आणि कडेला पिवळा रंग नखाएवढा राहिला होता.

"ही माझी हाय."

दुकानदार उठलासुद्धा नाही. "कशावरनं, अक्का? आत्ताच एकानं आणून इकलीय. असली रिमं बाजारात शंभर हायती."

"वरची खूण घासलीय. आत दुसरी हाय. टायर काढा."

"टायर काढायला काम न्हाय व्हय आमाला? बाईमाणसानं टायरमदलं शिकवायचं आता." आजूबाजूचे हसले. बाजाराचा दिवस, बघ्यांना काय तोटा!

तेच शब्द. बाईमाणूस. मी कंबरेची चावी काढून त्याच्या गल्ल्यावर आपटली. "काढा टायर! आत मासोळी निघाली न्हाय तर ती पिकप तुमची. रॅकसकट!"

मामा मागून "अगं, अगं" म्हणाले. कागद त्यांच्या नावावर, आणि मी गाडी पैजेवर लावून बसले होते. खोटं कशाला सांगू? ठसा मीच मारला होता, पण त्या घटकेला तोही खरा वाटेना. आप्पांचं ऐकलं नसतं आणि दोन्ही वरच मारल्या असत्या तर?

एवढ्या लोकांसमोर दुकानदाराला मागं सरता येईना. त्यानं पहारी लावून टायर उचकटला. आत नुसती काळी धूळ. कुणीतरी म्हणालं, "गेली गाडी." मी ओढणीच्या टोकानं रिम पुसत गेले, अर्ध्यापर्यंत काही नाही. मग बोटाला खरखर लागली. पुसलं. मासोळी. शेपटासकट.

गर्दीत एकदम गलका झाला. दुकानदार उठून उभा राहिला. "चुकलं, अक्का. माणूस वळखीचा न्हवता, मी इचारायला पायजे होतं," म्हणाला आणि टायर परत चढवायला बसला. हवाही भरून दिली. मी पिशवीतला पत्रा काढून त्याच्या हातात ठेवला आणि टांगायची जागासुद्धा दाखवली.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं मामांना विचारलं, "पावणं, गाडी तुमची व्हय?"

मामांनी गल्ल्यावरची चावी उचलली. पुसली. "न्हाय," म्हणाले, "आमच्या सुनंची हाय." आणि चावी माझ्या हातात दिली.

परतीच्या वाटेला त्यांनी ब्रेक दाबला नाही. निपाणीच्या अलीकडंच मिरचीच्या पोत्यावर पाय टाकून झोपले. ट्रकवाला माणूस दुसऱ्याच्या गाडीत झोपत नाही, हे त्यांनीच मला किती वेळा सांगितलं होतं. मी खड्डे चुकवत सावकाश आणली गाडी. एवढी सावकाश मी रोपंसुद्धा नेत नाही.

पुढं मैदानातल्या प्रत्येकाला आप्पांनी ठसा करून दिला. कुणाचा बैल, कुणाची तुतारी, आणि जो मला सोन्याची गाडी म्हणून चिडवायचा त्यानं लाजत लाजत कणीस मागितलं. आता आमच्या मैदानातून नटसुद्धा जात नाही. माझी दडवायची जागा मी बदललीय, कारण ती गोष्ट गडहिंग्लजभर झाली.

पण त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळी ठकठक आवाज आला म्हणून बाहेर आले. मामा उंबऱ्यात उकिडवे बसले होते. हातात माझा ठसा आणि हातोडा. घराच्या दाराच्या लोखंडी कडीवर त्यांनी माझ्या माहेरची मासोळी ठोकली होती.

"मामा, हे काय? घराला कोण चोरून नेतंय?"

"गप बस," म्हणाले. "एक बाहेरनं मारली. आतनं कुठं मारायची ते तू सांग."