डाव्या कोपऱ्यातलं मेण

माझे दाजी घाबरट आहेत. ताईच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हापासून हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पाल दिसली की ते खुर्चीवर चढतात. दारात पोस्टमन उभा राहिला तरी आधी ताईला पुढे करतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या दाजींपाठी ब्रह्मराक्षसाचं अख्खं कुटुंब लागलेलं असतं, पोराबाळांसकट. मी पडलो मेहुणा, त्यामुळे त्यांची चेष्टा करणं हा माझा हक्कच. पण या वेळी घाबरायला खरंच कारण होतं. ते कारण त्यांच्या डोळ्यांत होतं आणि मला ते एका जुन्या बॉनेटवर दिसलं.

आम्ही दोघं एकाच गॅरेजात. मी गाड्यांना रंग मारतो, ते त्या रंगाला चमक आणतात. माझं काम संपतं तिथे त्यांचं सुरू होतं, म्हणून भांडायला आम्हाला मुहूर्त लागत नाही. दाजी मेणाचे भक्त. पिवळ्या मेणाचा डबा उघडायचा, बोटभर मेण तळहातावर घेऊन ऊब लागेपर्यंत चोळायचं आणि उघड्या हाताने गाडीच्या अंगाला लावायचं. कापडाने लावलं तर त्यांना पटत नाही. "रंगाचा ताप हाताला कळतो," म्हणतात. मी म्हणायचो, "दाजी, गाडी आजारी नाहीये."

आमच्या मॅडमनी, म्हणजे गॅरेजच्या मालकिणीने, यंदा कोटिंगचा, म्हणजे रंगावर काचेसारखा कडक थर बसवणाऱ्या औषधाचा, विषय काढला. शेजारच्या रस्त्यावरचं गॅरेज कोटिंग करून देतं, गिऱ्हाईक तिकडे वळतंय, आपण का नाही? दाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोटिंग नको," ते म्हणाले. "मेण बरं."

"का पण?"

"मेणाने काळा रंग ओला दिसतो. खोल दिसतो."

"आणि दोन महिन्यांत उतरतो," मी म्हटलं.

"मग सीलंट लावू, ते कारखान्यातलं मेण. सहा महिने तरी जातात."

"सीलंटची चमक कशी असते ते तुम्हीच सांगता ना? दवाखान्याच्या फरशीसारखी."

मॅडम शहाणी बाई. म्हणाल्या, "भांडू नका, लावून दाखवा."

एका भंगारातल्या गाडीचं बॉनेट मी काळं रंगवून दिलं. दाजींनी त्यावर चिकटपट्ट्या लावून तीन उभे भाग केले. डावीकडे कोटिंग, मध्ये सीलंट, उजवीकडे मेण. आमच्या धंद्यात तुलना करायची ती अशीच. तीन वेगळ्या गाड्या घेतल्या तर प्रत्येक जण आपापल्या गाडीचं कौतुक करत बसतो. बॉनेट लाकडी घोडीवर ठेवून मागच्या अंगणात ऊनपावसात सोडलं. रोज मगभर पाणी ओतून बघायचं, कुठे थेंब गोल राहतात आणि कुठे पसरतात.

कोटिंगचं एक वाईट आहे, ते माफ करत नाही. लावलं की थोड्या वेळात त्यावर साबणाच्या फुग्यासारखे रंग फिरतात. तेवढ्यात पुसून घ्यायचं. जिथे पुसायचं राहिलं तिथे ते काळपट डाग होऊन कडक बसतं, आणि मग मशीनने घासल्याशिवाय निघत नाही. मेण बिचारं गरीब. राहिलं तर पांढरं सुकतं. उद्या पुसा, परवा पुसा, तक्रार नाही.

तर पहिल्या बॉनेटवर कोटिंगच्या पट्टीत, अगदी डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत डाग निघाले. मॅडमचा चेहरा पडला.

"बघितलं?" दाजी म्हणाले. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल, पण त्यांचा आवाज कापत होता. "कोटिंगच बोगस. नाहीतर खालचा रंग खराब असेल."

खालचा रंग म्हणजे मी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाचता येईना अंगण वाकडं!" मी ओरडलो. "माझ्या रंगाला नावं ठेवता? दुसरं बॉनेट देतो. पट्ट्या उलट्या लावा. मेण डावीकडे, कोटिंग उजवीकडे. माझा रंग खराब असेल तर तिथेही डाग येतील."

"कशाला उगाच," दाजी म्हणाले. "माझी पाठ दुखतेय."

"पाठ नंतर दुखवा."

मॅडमनी मान डोलावली, मग त्यांना पर्याय उरला नाही. मी मुद्दाम शेजारी स्टूल टाकून बसलो. दाजींनी आधी मेण लावलं, मग सीलंट, मग कोटिंग. कोटिंग त्यांनी असं पुसलं की मी रंगारी असूनही मला त्यात तोंड बघून घ्यावंसं वाटलं. एक डाग नाही. मी जिंकलो होतो. शेवटी त्यांनी मेण पुसलं, कापड झटकलं, एक पाऊल मागे सरकून सगळ्या बॉनेटवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "झालं. बघ."

मी बघितलं. डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढं मेण तसंच होतं. पांढरं, सुकलेलं, काळ्या रंगावर. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं.

"दाजी, थट्टा करताय?"

"कसली थट्टा?"

"ते राहिलंय."

"कुठे?"

ते बॉनेटकडेच बघत होते. चष्मा नाकावर, हातात कापड, आणि समोर खडूसारखं पांढरं मेण. मी बोट दाखवलं. त्यांनी बोटाच्या दिशेने मान पुरी वळवली, तेव्हा त्यांना ते दिसलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. लपवलेलं सापडल्यावर माणसाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग मला एकेक आठवायला लागलं. डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा आणि मी विचारायचो, "सकाळीच घेतलीत का?" डावीकडे ठेवलेला चहा हटकून सांडायचा. फाटकाच्या खांबाला लागून डावा आरसा फुटला तेव्हा त्यांनी खांबाला शिव्या घातल्या होत्या. आणि पहिल्या बॉनेटवरचे ते डाग. कोटिंग चांगलं होतं, माझा रंगही चांगला होता. दाजींच्या डोळ्यांना जेवढं दिसत नव्हतं तेवढंच पुसायचं राहिलं होतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

ते घोडीला धरून खाली बसले. "माहीत नाही रे. अंधार नसतो तिथे. तिथे काहीच नसतं. तुझ्या पाठीमागे काय आहे ते तुला काळं दिसतं का? तसं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"माझ्या बापाचं असंच झालं होतं," दाजी म्हणाले. "शेवटी दाराशी बसून असायचा. कुणी आलं की विचारायचा, कोण? मी समोर उभा असलो तरी विचारायचा, कोण? डॉक्टरकडे गेलो असतो तर त्यांनी आजाराचं नाव सांगितलं असतं. नाव कळेपर्यंत मेणावर निभत होतं. मेण हाताला तरी लागतं."

या माणसाच्या भित्रेपणावर मी आयुष्यभर हसलो. त्या दिवशी हसू आलं नाही. मीच घाबरलो होतो. कारण फाटकाबाहेर त्यांची गाडी उभी होती आणि गाडीत ताई बसली होती. संध्याकाळी स्वतःचं दुकान बंद करून ती रोज इथे यायची आणि त्यांच्याबरोबर घरी जायची. त्यांच्या डाव्या हाताला बसायची.

"किल्ली द्या," मी म्हटलं.

"अरे, घर जवळच आहे. सवयीचा रस्ता आहे."

"दाजी, किल्ली."

त्यांनी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. बराच वेळ ठेवला. मग किल्ली माझ्या हातावर टेकवली. त्यांची बोटं मेणाने मऊ झालेली आणि बर्फासारखी गार होती.

ताईने मला स्टीअरिंगवर बसताना पाहिलं आणि विचारलं, "यांना काय झालं?" दाजी मागच्या सीटवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "मला एका बाजूचं दिसत नाही गं." ताई रडली नाही. तिने पहिल्यांदा स्वतःच्या डावीकडच्या काचेतून बाहेर पाहिलं. सायकलवाले, पायी चालणारे, रस्त्याच्या कडेला खेळणारी मुलं. ती घर येईपर्यंत तिकडेच बघत राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. काचबिंदू. "गेलेली नजर परत येत नाही," ते म्हणाले. "उरलेली थेंबांनी राखता येते. किती उरलीय ते आधी मोजू."

मोजायची खोली लहान होती. एक मोठं पांढरं भांडं आडवं करून ठेवल्यासारखं यंत्र, त्यात दाजींनी हनुवटी टेकवलेली. हातात बटण. आत कुठेही बारीकसा दिवा चमकला की बटण दाबायचं, एवढंच काम. आम्ही दाराशी, परिचारिकेच्या मागे बसलो. तिच्यासमोरच्या पडद्यावर प्रत्येक दिव्यामागे एक ठिपका उमटत होता, दिवा दिसला तर फिका, नाही दिसला तर काळा.

उजवा डोळा आधी. टक, टक, टक. मध्ये थोडी शांतता, पुन्हा टक टक. ताईने माझं मनगट धरलं होतं. प्रत्येक आवाजाबरोबर तिची पकड जरा सैल व्हायची.

मग डावा डोळा. टक. टक. मग काहीच नाही. पडद्यावर ठिपके येत होते, काळे, एकाशेजारी एक. ताईची नखं माझ्या मनगटात रुतली.

"काका, झोपलात का?" परिचारिकेने विचारलं.

"नाही, नाही. जागा आहे," भांड्यातून दाजींचा आवाज आला. शहाण्या मुलासारखा, बटणावर अंगठा तयार ठेवून. "तुम्ही चालू करा ना. दिवे यायला लागले की मी दाबतोच."

परिचारिकेने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. दिवे येतच होते.