बटणकाकांनी बंद केलेला पंप

जनावरांच्या दवाखान्यातल्या नोंदणी कारकुनाला सगळे बटणकाका म्हणत, आणि ते उगाच नाही. जे चालू दिसेल ते बंद करायचं, हा त्यांचा पिंडच. डॉक्टरीणबाई हात धुवायला वळल्या की टेबलावरचा दिवा गेलाच म्हणून समजा. घरीही तेच. सकाळी निघताना पंखा, रेडिओ आणि शेवटी माशांच्या टाकीतला हवेचा पंप. "उगाच बुडबुडे कशाला?" म्हणत ते जिना उतरत. टाकीतले तीन मासे नऊ वर्षं ठणठणीत होते. "सवय लावली की राहतात," असं ते छाती फुगवून सांगत. बायको काही बोलत नसे.

दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर अकरा वर्षांच्या नोंदी होत्या, सगळ्या काकांनी दोन बोटांनी टाइप केलेल्या. कुठल्या कुत्र्याला कुठलं इंजेक्शन बाधतं, कुठली मांजर आधी गोड बघते आणि मग चावते. त्या गेल्या असत्या तर दवाखान्याचे हातपायच गळाले असते. म्हणून कॉम्प्युटरवाल्या बाईने एक प्रोग्रॅम बसवला. त्याने दिवसभर मागच्या मागे चालायचं आणि प्रत्येक नोंदीची प्रत दुसरीकडे ठेवायची. त्याचं इवलंसं चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी दिसे. दिसलं म्हणजे संपलंच. काकांनी पहिल्याच दिवशी त्यावर माउस नेऊन त्याची बोळवण केली.

चौथ्यांदा यावं लागलं तेव्हा कॉम्प्युटरवाली म्हणाली, "काका, असू द्या ना तो चालू."

"करतो काय पण? नुसता बसलेला असतो."

"काम करतोय तो."

"दिसत तर नाही करताना."

तिने एक लांब श्वास घेतला आणि वीस मिनिटं खटखट केलं. आता कॉम्प्युटर लावला की प्रोग्रॅम आपला आपण सुरू होणार होता, पण ना खिडकी उघडणार, ना चिन्ह दिसणार, ना काही सूचना येणार.

"काढलास?"

"यापुढे दिसणार नाही तुम्हाला," ती म्हणाली. खोटं बोलली नाही बिचारी.

काकांनी घरी जाऊन हा विजय रंगवून सांगितला. बायको "हं" म्हणाली आणि माशांच्या टाकीची काच पुसायला लागली.

तीन महिन्यांनी कॉम्प्युटरने खर्रर्र आवाज करून मान टाकली. डिस्क गेली. समोर वासराएवढा कुत्रा इंजेक्शनसाठी बसलेला, आणि डॉक्टरीणबाई विचारताहेत, "याला काय बाधतं हो?" काकांच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा वर्षं गेली, आणि ती आपल्याच हाताने घालवली.

कॉम्प्युटरवाली आली, नवी डिस्क बसवली. दुपारपर्यंत सगळ्या नोंदी परत, अगदी त्या सकाळची शेवटचीसुद्धा.

"हे कुठून आलं?"

"तुम्ही हाकललेल्यानेच ठेवलंय. तीन महिने गुपचूप काम करत होता."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर चालू राहिला असता?"

काकांना भरून आलं. "एकदा दाखव तरी गं त्याला," ते म्हणाले. पण दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

घरी येताना त्यांच्या डोक्यात मासेच फिरत होते. नऊ वर्षं. काका रस्त्यातच थबकले. घरी मात्र चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पंखा बंद केला, रेडिओ बंद केला आणि पंपाजवळ नेलेला हात मागे घेतला. आज तरी बायकोचा पंपापर्यंतचा एक हेलपाटा वाचू दे, म्हणून ते बाहेर पडले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कान देऊन उभे राहिले. आतून पावलं आली. बटण वाजलं. बुडबुडे थांबले.

काका धावत वर आले. न बघता दाबलेल्या बटणावर बायकोचा हात अजून तसाच होता.

"तुम्ही बंद केला नव्हता?"

"नाही."

"मग सांगायचं ना."

"तू कुठे सांगितलंस नऊ वर्षं?"

तिने पंप पुन्हा लावला. "हे बघा, तुम्ही आपले रोज बंद करूनच जात जा. माझ्या हाताला सवय झालीय. मासे मरतील एखाद्या दिवशी."

काकांनी निमूटपणे पंप बंद केला आणि जिना उतरायला लागले. तिसऱ्या पायरीवर थांबले. आत बुडबुडे सुरू झाले, तेव्हा कामावर गेले.