थंड दिव्याचे गणित

वीजतंत्र शिकवणारे आमचे मास्तर म्हणजे सूत्राचे निस्सीम भक्त! पत्नीने शिवणयंत्रापाशी लावायला शंभर वॉटचा बल्ब आणला, तर त्यांनी आधी त्या बल्बलाच मीटर लावला. रोध भरला चाळीस ओहम. दोनशे तीस व्होल्टचा वर्ग भागिले चाळीस, म्हणजे तेराशे वॉट!

"लावू नकोस, वायरी जळतील!"

"अहो, सकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहील. अंधारात शिवू का?" असे म्हणून माउलीने बटण दाबले.

वायर थंडच राहिली. मास्तरांनी चालू दिव्याचा प्रवाह मोजला, तेव्हा शक्ती बरोबर शंभर वॉट निघाली. दिव्यातल्या तापलेल्या तारेचा रोध ती थंड असतानाच्या तेरापट होतो, हे त्यांनीच तीस वर्षे शिकवले होते.

"मग, लावू ना रोज?"

"लाव," मास्तर नम्रपणे म्हणाले, "आणि सरक, सुईत दोरा मी ओवतो."