एक फूट शेवंती

रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत झाड किती वाढावं, हे निसर्ग ठरवत नाही. अध्यक्ष ठरवतात. चाकणच्या एका कंपनीत ते आयुष्यभर क्वालिटीला होते. निवृत्तीनंतर तपासायला सुटे भाग उरले नाहीत, म्हणून आम्ही सापडलो. इमारत रस्त्यावरून एकसारखी दिसावी यासाठी बाल्कनीतलं झाड कुंडीपासून एक फुटापेक्षा उंच नको, असा ठराव त्यांनी आणला. मीही हात वर केला. सभा लवकर संपावी, एवढाच माझा हेतू होता.

म्हणून गेल्या हिवाळ्यात चिखलीच्या एका नर्सरीतून बुटक्या शेवंतीच्या सहा कुंड्या आणल्या. वीतभर झाडं, पानं झाकून टाकणारी पिवळी फुलं.

"बुटकीच राहतील ना?" मी दोनदा विचारलं.

"व्हय, जातच बुटकी हाय," नर्सरीवाला म्हणाला.

फुलं संपल्यावर मी झाडं छाटली. पावसाळ्यात ती अशी काही सुटली की गणपतीपर्यंत दीड फूट ओलांडून गेली. नर्सरीत जाऊन जाब विचारला, तर तो हसला. "आवो साहेब, वाढ रोखायचं औषध मारल्यालं असतंय. त्याचा जोर गेला की वाढणारच. तुमी न्हाई का रिटायर झाल्यावर सुटलात?"

दसऱ्याच्या सुमारास ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या धरल्या, आणि अध्यक्ष वर आले. ते बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. खिशातून स्टीलचा टेप काढून त्यांनी सहाही झाडं मोजली.

"बावीस इंच. रिजेक्ट."

"अहो, कळ्या आल्यात. आता शेंडे कापले तर यंदा एकही फूल येणार नाही."

"पुढच्या वर्षी येईल की, राव. रविवारपर्यंत करून घ्या."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "हात वर करायला तुम्हालाच घाई होती."

वर्षभर पाणी घालून ज्यांची वाट पाहिली, त्या कळ्या मी कापणार नव्हतो. शनिवारी जुन्या धोतराच्या चिंध्या केल्या, एकेक फांदी हळूहळू वाकवली, ग्रिलच्या गजांमधून बाहेर काढली आणि खालच्या बाजूला बांधून टाकली. दोन मोडल्या. त्या वेळी मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

रविवारी अध्यक्षांनी मोजलं. नऊ इंच. पुन्हा मोजलं. कुंडीच्या खाली किती लोंबावं, याबद्दल ठरावात अक्षर नव्हतं. "पास," ते म्हणाले, पण त्यांचं मन मानेना.

दिवाळीत शेवंती फुलली, ती सगळी बाहेर. आमच्या बाल्कनीत नुसत्या वाकलेल्या काड्या. फूल बघायचं तर फरशीवर पालथं पडून ग्रिलला तोंड लावावं लागे. एका सकाळी तेही केलं. खाली अध्यक्ष खुर्ची टाकून चहा पीत होते आणि त्यांच्या बाल्कनीच्या वरच्या कडेने पिवळंधमक तोरण लागलं होतं.

त्यांनी मान वर केली. "फुलली बरं का छान! फक्त डावीकडची दोन जरा जास्त खाली आलीत. तेवढी एका लाइनीत घ्या."