बैलाचं नाव सांग

“पदर ओढी ले. डोया फोटोमा दिसी ऱ्हायना.”

डोळा फोटोत दिसतोय, असं ताईंनी हळूच सांगितलं. तरी पुढच्या रांगेतल्या बायांना ऐकू गेलं. एकीने माझ्या डोळ्याकडे बघितलं, मग शेजारणीकडे, आणि दोघी पुन्हा स्टेजकडे बघायला लागल्या.

माझा डावा डोळा बंद झाला होता. लिंबाएवढा सुजलेला, काळानिळा.

स्टेजवर माझा नवरा उभा होता. खांद्यावर शाल, हातात नारळ. ताईंची संस्था तळोद्याबाहेर जखमी जनावरांसाठी गोठा चालवायची, आणि त्या गोठ्याच्या गाडीवर माझा नवरा ड्रायव्हर होता. कुठे बैल घसरून पडला, कुठे गाईला ट्रकने उडवलं, की फोन यायचा आणि हा पिकअप घेऊन निघायचा. त्या दिवशी त्याचा सत्कार होता. माइकवर सांगत होते, या माणसाच्या हाताला मुक्या जिवाचं दुःख कळतं.

त्याच हाताने आदल्या दिवशी माझा डोळा सुजवला होता. सत्काराचा शर्ट वाळला नव्हता म्हणून.

मी पदर ओढला. फोटो निघाला. त्या फोटोत मी आहे. उजवीकडे, शेवटी, तोंड झाकलेली. बघणाऱ्याला वाटेल, लाजते आहे.

मी धडगावच्या वरच्या डोंगरातली. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी आश्रमशाळेत शिकले, सातवीपर्यंत. अहिराणी तळोद्यात आल्यावर, ताईंच्या गोठ्यात. ताई गावातल्या मोठ्या घरच्या. शिकलेल्या. संस्था त्यांनीच उभी केलेली. त्यांनी मला आधी शेण काढायला ठेवलं आणि महिन्याभरात जखमा बांधायला शिकवलं. टर्पेंटाइनचा बोळा जखमेत धरायचा. अळ्या वर आल्या की चिमट्याने काढायच्या, एकही आत ठेवायची नाही. मग मलम. मग माशी बसू नये म्हणून पट्टी. मला ते जमलं. ढोरांचे डॉक्टर म्हणायचे, हिचा हात हलका आहे.

ताई मला लेक म्हणायच्या. लोकांसमोर म्हणायच्या, आम्ही दोघीच असलो तरी म्हणायच्या. माझ्या मुलीला आश्रमशाळेत घालायला त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगते. नुसत्या मालकीण असत्या तर मी त्यांच्याकडे काही मागितलंच नसतं.

त्या वर्षी उसाच्या गाडीचा एक बैल आला. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून मी त्याला चांद्या म्हणायचे. मालकाने सळईने मारून त्याच्या मागच्या पायाचा सांधा फोडला होता. शेपटी पिरगाळून पिरगाळून मोडली होती. ताई त्याच्या गळ्यात पडून रडल्या. खरंच रडल्या. मी जवळ होते, व्हिडिओवाला नंतर आला. रडता रडता म्हणाल्या, “कोनले सांगी हाऊ? याले तोंड नही.”

मला वाटलं, मला तर आहे. मी सांगीन.

सत्कारानंतर दोन दिवसांनी मी सांगितलं. ताई ऑफिसात औषधांच्या बाटल्या लावत होत्या. मी दार लोटलं, पदर बाजूला केला. डोळा दाखवला. पाठ दाखवली. पाठीवर पट्ट्याचे वळ होते, काही जुने, काही ताजे.

“ताई, तो रोज मारतो. तुम्ही त्याला बोला. तुमचं ऐकतो तो.”

ताईंनी माझी पाठ बघितली. नीट बघितली. मग कोणी येईल म्हणून माझा पदर स्वतःच्या हाताने सारखा केला आणि म्हणाल्या,

“तुले तं तोंड शे. तूच काही बोलनी व्हशी.”

मीच काही बोलले असेन, असं म्हणून त्या पुन्हा बाटल्या लावायला लागल्या.

मी तिथून चांद्याकडे गेले. त्याची पट्टी बदलायची वेळ झाली होती. त्या दिवशी मला त्या बैलाचा राग आला. याच्यासाठी डॉक्टर. याच्यासाठी व्हिडिओ. याच्या मालकावर पोलीस केस. जुनी पट्टी आधी कोमट पाण्याने भिजवायची असते, म्हणजे जखमेला ओढ बसत नाही. मी भिजवली नाही. चिकटली होती तशीच ओढली.

चांद्याने लाथ मारली नाही. नुसता थरथरला. मान खाली घातली आणि पुढच्या ओढीची वाट बघत उभा राहिला.

ते उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं. घरी मी तशीच उभी राहायचे.

मी तिथेच शेणात बसले. माझा हात मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. कोणाचा ते मला चांगलं माहीत होतं. थोड्या वेळाने उठले, पाणी कोमट केलं, राहिलेली पट्टी थेंब थेंब भिजवून काढली. त्याच्याशी पावरीत बोलत राहिले. त्याचं औषध बंद झालं असतं तर माझी पाठ बरी होणार नव्हती. माझं भांडण त्याच्याशी नव्हतं. एवढं मला त्या दुपारी कळलं.

पंधरा दिवसांनी नवऱ्याने पुन्हा पट्टा काढला. भर दुपारी. मी अनवाणी पळाले ते थेट गोठ्यात. ताई होत्या. माझी अवस्था बघून त्या घाबरल्या. त्यांनी मला कडबा ठेवायच्या खोलीत नेलं, चहा दिला, अंगावर स्वतःची शाल घातली.

“आठेच ऱ्हाय. मी शे ना.”

मी तिथेच झोपले. आतून कडी न लावता झोपले. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. आता सुटले असं वाटलं. झोपेत हसलेसुद्धा असेन.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि दारात ताई उभ्या होत्या. त्यांच्या मागे माझा नवरा.

फोन त्यांनीच केला होता. दुसऱ्या दिवशी अक्कलकुव्याकडून जनावरं आणायची होती आणि दुसरा ड्रायव्हर नव्हता. नवरा मान खाली घालून म्हणत होता, “चुकलं ताई. आता नाही होणार.” ताईंनी त्याचा हात धरला, माझा हात धरला आणि एकावर एक ठेवला.

“जा घर. नवराबायकोनी गोष्ट शे. सकाळे दोन्हीजन कामले या.”

मी ताईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी माझ्या अंगावरची शाल काढून घेतली आणि घडी घालायला लागल्या. मग मी गेले. का गेले असं मला पुढे खूप जणांनी विचारलं. कुठे जायचं ते मात्र कोणी सांगितलं नाही.

घरी गेल्यावर त्याने दार लावलं. मी ताईंकडे गेले होते, त्याची अब्रू घालवली होती, त्याचा हिशेब कुऱ्हाडीच्या दांड्याने झाला. उजवा हात मनगटाच्या वर मोडला. एवढंच सांगते.

शेजारच्या म्हातारीने मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने विचारलं, “कशाने झालं?” मी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती म्हणाली, “पोलीस जबाब घ्यायला येतील. तोवर आठवून ठेव.” तिला सगळं कळलं होतं.

पोलिसांच्या आधी ताई आल्या. केळी घेऊन. खाटेवर बसल्या, माझ्या कपाळावर हात ठेवला. हात गार होता, बरा वाटला. म्हणाल्या, “काळजी करू नको. मी सगळं बघते. फक्त जबाबात बैलाचं नाव सांग. चांद्याने ढकललं, तू पडलीस, हात मोडला. गोठ्यात असं होतंच.”

मला आधी समजलंच नाही.

“संस्थेच्या ड्रायव्हरवर केस झाली तर लोक काय म्हणतील? आत्ताच आपण त्याचा सत्कार केला. माझी एवढ्या वर्षांची मेहनत आहे ग. आणि तुझ्या पोरीचं उद्या लग्न कसं होईल, तुरुंगात गेलेल्या बापाची म्हणून?”

“मग चांद्याचं काय होईल?” मी विचारलं.

“त्याले पाठाडी देसूत कोठेबी. मारका बैल कोन ठेवस?”

मारका म्हणून हाकललेला लंगडा बैल शेवटी कुठे जातो, ते आम्हा दोघींना माहीत होतं. तो कसायाकडे जाऊ नये म्हणूनच तर गोठा काढला होता. हीच बाई त्याच्या गळ्यात पडून रडली होती.

इथून पुढे मी तिला ‘त्या’ म्हणणार नाही. ती.

मी म्हटलं, “त्या बैलाने मला कधी मारलं नाही. मी त्याची जखम ओढली, तरी मारलं नाही.”

ती म्हणाली, “शहाणपणा करू नको.”

मी म्हटलं, “केळी घेऊन जा.”

तेवढ्यात पोलीस बाई आली. डोंगराकडचीच होती, बोलण्यावरून कळलं. तिने स्टूल ओढलं, कागद काढला. मी नवऱ्याचं नाव सांगितलं. दांडा सांगितला, पट्टा सांगितला, डोळा सांगितला. ताई खाटेवरून उठली होती, पण दारातच उभी होती. मी म्हटलं, “आणि या बाईंनी मला आत्ता सांगितलं, बैलाचं नाव घे.”

पोलीस बाईचा पेन थांबला. तिने दाराकडे बघितलं. “हेही लिहू?”

“लिहा.”

तिने लिहिलं. मग माझा प्लास्टरमधला हात बघून शाईचं पॅड पुढे केलं, अंगठ्यासाठी. मी म्हटलं, सही करते. डाव्या हाताने केली. वेडीवाकडी आली. अर्धं नाव ओळीच्या खाली गेलं. पण माझं नाव आहे ते.

दवाखान्यातून सुटले तेव्हा माझे कामाचे कपडे गोठ्याच्या फाटकाबाहेर पोत्यात भरून ठेवले होते. आत जायची मनाई. मी हाक मारली तर चांद्या लंगडत तारेपर्यंत आला. त्याला मी सोडवू शकले नाही. ठेवायला जागा नव्हती, मलाच नव्हती. पण त्याला मारका ठरवणं आता कोणाला जमणार नव्हतं. ते कागदावर आलं होतं. पुढे ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तो तिथेच आहे, पायावर भार देतो.

त्याच डॉक्टरांच्या सांगण्यावरून आता मी जीपने डोंगरातल्या गावांत जाते. शेळ्या, बैल, गाई यांच्या जखमा धुते, बांधते. हात थोडा वाकडा जोडला गेला, तरी चालतो. मागच्या महिन्यात एका पाड्यावर शेळीच्या पायाला पट्टी बांधत होते. शेळी धरून बसलेल्या बाईच्या मानेवर बोटं उमटली होती, चार. तिचा नवरा समोर बाजेवर बसला होता. शेळीची फार काळजी होती त्याला, जपून बांधा म्हणाला. मी पट्टी बांधली. मग त्याच्यासमोर, मोठ्याने, पावरीत त्या बाईला विचारलं, हे कोणी केलं? तिने शेळीला आणखी घट्ट धरलं. तो मात्र उठून घरात गेला. मी तिला माझा नंबर पाठ करायला लावला. दोनदा म्हणवून घेतला. परत जाणार आहे. शेळीची पट्टी सुटली तरी जात राहणार आहे.

नवरा जामिनावर आहे. पिकअप तोच चालवतो. मधली माणसं माझ्याकडे येतात, मिटव म्हणतात, पोरीचं तोंड बघ म्हणतात. पोरीचं तोंड बघूनच मी मिटवत नाही. सुट्टीत ती माझ्या भाड्याच्या खोलीवर आली, तेव्हा तिने विचारलं, हात कसा मोडला? मी तिला खरं सांगितलं.

पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. ताई येणार असं ऐकलं. नवरा किती दयाळू आहे ते सांगायला. येऊ दे. समोर बसू दे. मी तिच्याकडे बघून दोन नावं घेणार. ज्याने मारलं त्याचं, आणि जिने मला झोपेतून उठवून त्याच्या हातात दिलं तिचं. दुसऱ्या नावासाठी कायद्यात कलम आहे की नाही, मला माहीत नाही.

नाव मी घेणार.